लेबलं नसलेल्या चार बरण्या

खोटं बोलून तिला त्या दुपारी मिळणार काय होतं, ते आधी नीट मोजून घेऊ. एक, पाव तासाची शांतता. दोन, गेली सात वर्षं कारखानाभर मिरवलेलं 'नाकबाई' हे नाव. तीन, समोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांतला आदर, जो तिला नकोसा नव्हता, एवढंच सध्या म्हणू. आणि जाणार काय होतं? वरवर पाहता काही नाही. चार बरण्यांपैकी एकीवर बोट ठेवायचं होतं. बोट ठेवायला काय लागतं!

समोरचा माणूस म्हणजे काटेवाला. दर सहा महिन्यांनी यायचा, कारखान्यातले वजनकाटे, तापमापक, झालंच तर भिंतीवरचं घड्याळसुद्धा तपासायचा, बिघडलेलं जुळवायचा आणि प्रत्येकावर हिरवी चिठ्ठी चिकटवून निघून जायचा. दोन वर्षांत तो तिच्याशी मिळून अकरा वाक्यं बोलला असेल, त्यातली नऊ 'जरा सरकता का' या धर्तीची. आज मात्र तो अवजारांची पेटी खाली ठेवून, पिशवीतून एकेक बरणी काढत, तिच्या टेबलावर ओळीने मांडत होता. बाहेर बारीक पाऊस पडत होता आणि त्याच्या केसांवर त्याचे थेंब अजून तसेच होते, मोजून घेता येतील असे.

"मॅडम, एक खाजगी विचारू?"

"विचारा. उत्तर सरकारी मिळेल."

तो हसला. हसताना तो आधी खाली बघायचा आणि मग वर, हे तिला आजच कळलं.

"घरी मीड करायला घेतलीय. म्हणजे मधाची वाइन. मध, पाणी, यीस्ट आणि वाट बघणं, एवढीच कृती. मला लिंबाच्या फुलांचा मध घालायचाय. पण आत्याने बरण्या धुतल्या आणि लेबलं निघून गेली."

"चारही?"

"ती... कसून धुते."

आता अडचण काय होती ते सांगायला हवं. ही बाई कारखान्यात मध पारखायची. पिंपातला मध चमच्यावर घ्यायचा, नाकाशी न्यायचा, जिभेवर ठेवायचा आणि सांगायचं : हा सूर्यफुलाचा, हा मोहरीचा, ह्यात कोणीतरी जंगलाचा मिसळलाय, आणि हा ज्या पिंपातून आला त्यात आधी रंग भरलेला होता. सात वर्षांत तिचं चुकलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी तिला ताप आला. आठ दिवसांनी ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. सर्दी असेल म्हणून ती पंधरा दिवस थांबली. मग तिने साबण हुंगला, रॉकेल हुंगलं, शेवटी कारखान्यामागची कचरापेटी हुंगली. सगळं सारखं. कोऱ्या कागदासारखं.

तिने कोणालाच सांगितलं नाही. 'नाकबाईचं नाक गेलं' हे वाक्य कारखान्यात कोणत्या आवाजात फिरेल ते तिला चांगलं ठाऊक होतं. तसली वाक्यं फिरवण्यात आजवर तिचाही हात होताच. घरी आईलाही कळू दिलं नाही. आईच्या हातून दूध करपलं तरी ती निमूट प्यायची. आई शेजारणीला सांगायची, पोरीला अक्कल आली हो.

कारखान्यात तिने डोळे, जीभ आणि दात यांच्यावर भागवलं. मोहरीचा मध लोण्यासारखा पांढरा आणि घट्ट बसतो. सूर्यफुलाचा पिवळाधमक, दाताखाली कचकचणारा. जंगलाचा काळपट, घशाशी जरा खवखवणारा. मधात पाणी किती आहे ते दाखवायला यंत्र होतंच, हातभर सुद्धा नसलेली दुर्बीण. काचेवर एक थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरायचं आणि आकडा वाचायचा. पाणी विसाच्या वर गेलं की तो मध आपोआप आंबणार, परत पाठवा. खरी पंचाईत फिक्या, पातळ, गोजिरवाण्या मधांची होती. लिंबाच्या फुलांचा आणि गुरांच्या घासाला जी जांभळी फुलं येतात त्यांचा, या दोघांचा रंग एक, धार एक, गोडी जवळजवळ एक. फरक फक्त वासात.

आणि आठ आठवड्यांवर परीक्षा होती. दर दोन वर्षांनी बाहेरचे परीक्षक येत, बारा पेले मांडत. पेले काळ्या काचेचे, म्हणजे रंग दिसू नये. मध कोमट करून पातळ केलेला, म्हणजे दाणा लागू नये. नऊ ओळखले तर पारखी म्हणून शिक्का कायम. नाही ओळखले तर खालच्या मजल्यावर लेबलं चिकटवायच्या टेबलावर.

तिने चारही बरण्या खिडकीच्या उजेडात धरल्या.

"ही मोहरी. हे न हुंगताही सांगते. आणि हे सूर्यफूल, बघा, तळाशी दाणे बसलेत."

"वा!"

दोन उरल्या. दोन्ही फिक्या, दोन्ही सारख्या. तिने एकेकीचं झाकण काढलं, डोळे मिटले, लांब श्वास घेतला. डोळे मिटणं ही तिची जुनी लकब होती आणि सध्या तीच काय ती चालू होती. आत काहीच आलं नाही. नुसती गार हवा.

"ही," ती म्हणाली, डावीकडच्या बरणीवर बोट ठेवून.

"नक्की?"

"मी विचारते का, तुमचा काटा कधी चुकतो का म्हणून?"

"चुकतो की. म्हणून तर मी जेवतो."

त्याने ती बरणी उचलली. एकदा बरणीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. हे दुसरं पाहणं गरजेपेक्षा जरा लांबलं. तिला वाटलं, गालाला मध लागलाय की काय.

"बरं..." तो म्हणाला. "मग हीच घालतो."

मग त्याने ती छोटी दुर्बीण हातात घेतली, तपासायच्या यादीत ती होतीच. काच पुसता पुसता सहज म्हणाला, "मागच्या वेळी ही कपाटात धूळ खात पडली होती. आता काच झिजायला आलीय. दिवसातून किती वेळा वापरता?"

"तुम्ही काटे तपासायला येता की माणसं?" ती एकदम फणकारली.

त्याने दुर्बिणीवर हिरवी चिठ्ठी चिकटवली, पेटी उचलली आणि दारातून वळून म्हणाला, "काटे. माणसांच्या चिठ्ठ्या नाहीत माझ्याकडे."

*

दहा दिवसांनी त्याचा फोन आला.

"मॅडम, मीड जरा... रुसलीय. बुडबुडे कमी झाले. तुम्ही येऊन एकदा वास घ्याल का? तुमच्याशिवाय दुसरं कोणाचं नाक मला माहीत नाही."

नाही म्हणायला तिला तीन सबबी सुचल्या होत्या. पण 'तुमच्याशिवाय दुसरं कोणाचं' इथपर्यंत येईतो तीनही विसरल्या. रविवारी सकाळी, छत्री झटकत, ती त्याच्या जिन्यावर उभी होती.

घर दोन खोल्यांचं. दार आत्याने उघडलं. ठेंगणी, चष्मेवाली, कमरेला रुमाल खोचलेली. भाच्याला लहानपणापासून तिनेच वाढवलेलं, त्यामुळे त्याच्याबद्दल वाटेल ते बोलायचा हक्क तिच्याकडे राखीव होता.

"ये गं. तूच का ती नाकवाली? हा घरात दुसरं काही बोलतच नाही."

"आत्या!"

"बरं, मधाबद्दलही बोलतो."

घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. पावसाचे शिंतोडे आत येत होते, पडदे ओले झाले होते. तिला वाटलं, माणसं मोकळ्या हवेची दिसतात. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाच लिटरची काचेची बरणी होती. झाकणातून एक वाकडी नळी वर आलेली, नळीत घोटभर पाणी. आतला वायू त्या पाण्यातून बुडबुडा होऊन बाहेर पडतो आणि बाहेरची हवा आत शिरत नाही, असं त्याने सांगितलं. सांगताना तो तिच्यापासून बरोबर एका हाताच्या अंतरावर उभा होता. त्याने मोजलं असणार.

"दीड किलो मध, साडेतीन लिटर पाणी. सगळी भांडी उकळत्या पाण्याने धुऊन घेतली. पहिल्या आठवड्यात मिनिटाला चाळीस बुडबुडे होते. काल सहा."

"उघडा," ती म्हणाली. अगदी डॉक्टरांसारखं.

त्याने झाकण काढलं. ती वाकली, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला. मग हळूच सोडला. चेहऱ्यावर ते जुनं, पसरत जाणारं समाधान आणलं.

"सुंदर," ती म्हणाली. "फुलांचा वास आहे. हलका... किंचित लिंबासारखा. काळजीचं काही कारण नाही."



तिने डोळे उघडले. काटेवाला जमिनीकडे बघत होता. आत्याने कमरेचा रुमाल काढून नाकाला लावला होता आणि रुमालावरून तिचे डोळे चष्म्याएवढे झाले होते.

"अगं बाई," आत्या रुमालातून म्हणाली, "फुलं? सडक्या अंड्यांचा वास येतोय! खालच्या मजल्यावरचे दोनदा विचारून गेले, गटार तुंबलंय का म्हणून!"

तिला पुढचं थोडा वेळ नीट दिसलं नाही. कोणीतरी स्टूल सरकवलं. कोणीतरी, बहुतेक आत्याने, हातात पाण्याचा पेला दिला. आणि मग दोन महिने दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. ताप, साबण, रॉकेल, कचरापेटी, काळे पेले, लेबलांचं टेबल. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की आपण रडत नाही आहोत. आपण भराभरा बोलतोय, आणि बोलताना खांदे खाली येताहेत. दोन महिने ते कानांपर्यंत चढले होते.

"कोणाला सांगू नका," ती शेवटी म्हणाली.

"मला कोण विचारतंय?" आत्या म्हणाली. "आणि याला विचारलं तर हा वजनात सांगतो."

काटेवाला तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मॅडम, बिघडलेल्या यंत्राला मी कधी बोलत नाही. आधी शून्यावर आणतो. मग अगदी हलकी वजनं, एकेक. रोज. पुन्हापुन्हा. कधीकधी सुई हलायला वेळ लागतो..."

"आणि नाहीच हलली तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू," तो म्हणाला. मग घाईघाईने उठून बरणीकडे वळला, जणू एवढा वेळ तिच्या डोळ्यांत बघायचा परवाना त्याच्याकडे नव्हता. "ह्या बयेचं मात्र मला कळलं. मधात साखर भरपूर, बाकी जवळजवळ काही नाही. यीस्टला नुसती गोडी पुरत नाही. उपासमार झाली की ते असा वास सोडतं."

"तुझ्यासारखंच," आत्या म्हणाली. "तूही उपाशी असलास की घर डोक्यावर घेतोस. मग द्यायचं काय त्याला?"

"पावाचं यीस्ट चमचाभर, पाण्यात उकळून, गार करून."

"म्हणजे त्याच्याच भाऊबंदांना उकडून त्याला घालायचं?"

"हो."

"शिव शिव. आणि हे पिणार कोण?"

ती हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा, नाक मुरडून, अगदी खदखदून. काटेवाल्याने उकळून गार केलेलं यीस्टचं पाणी बरणीत ओतलं आणि ढवळायला लाकडी दांडा तिच्या हातात दिला. "जोरात. हवा मिळू दे तिला." ती ढवळत राहिली, तो बरणी धरून राहिला, आणि आत्या खिडकीशी उभी राहून, पाऊस बघितल्यासारखं करत, या दोघांना बघत राहिली.

*

त्यानंतर सुरू झालं सुई हलवणं. काटेवाल्याने झाकणाच्या चार चिमुकल्या बाटल्या केल्या : लवंग, लिंबाची साल, निलगिरीचं तेल, गुलाबपाणी. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बाटली वीस सेकंद हुंगायची आणि तो वास कसा होता ते मनात आठवायचं. दर आठवड्याला तो बाटल्या ताज्या भरून आणायचा. कारखान्याच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत चालत जाताना त्या द्यायचा. हा रस्ता सात मिनिटांचा होता. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याला वीस लागायला लागली आणि काटेवाल्याचं घड्याळ कधी चुकत नाही, हे आपण ध्यानात ठेवू.

"आज लवंग?"

"शून्य."

"लिंबू?"

"शून्य. तुमच्या बयेचं काय?"

"पस्तीस बुडबुडे! वास गेला. आत्याने खिडक्या लावल्या."

"तुमच्या बयेचा वास गेला की तुम्ही खूश, माझा गेला तर मी रडायचं?"

"तुमचा परत आणायचा म्हणून तर..." तो थांबला. "बस आली."

बस आली नव्हती.

कधी तो तिच्या छत्रीत यायचा, कधी ती त्याच्या. दोघांकडे छत्री असायची, तरी एकच उघडली जायची. तो फार जवळ येत नसे. एकदा मात्र रस्त्यातलं डबकं चुकवताना त्याचा हात तिच्या कोपराला लागला आणि नंतरची तीन मिनिटं दोघेही मोहरीच्या मधाबद्दल अत्यंत गांभीर्याने बोलत राहिले.

पाचव्या आठवड्यात लवंगेच्या बाटलीतून काहीतरी आलं. जळक्या रबरासारखं, घाणेरडं. ती हरखली. तोही. पण पुढच्या आठवड्यातही रबरच आणि बाकी सगळीकडे शून्य. परीक्षा तीन दिवसांवर.

"अंदाजाने मारते," ती थांब्यावर म्हणाली. "बारातले नऊ. काहीतरी होईलच."

त्याने खिशातून बाटल्या काढल्या. मग सावकाश म्हणाला, "एखादा काटा चुकत असला आणि माझ्याकडून लगेच जुळत नसला, तर मी त्याच्यावर लाल चिठ्ठी लावतो. सध्या वापरू नका. त्यात काट्याची बेअब्रू नसते. चुकीचं वजन देत राहण्यात असते."

"मी काटा नाही!"

"नाही हो, मला तसं..."

"तुम्हाला माणसाशी बोलताच येत नाही! सारखं आपलं काटा, सुई, चिठ्ठी!"

या वेळी बस खरंच आली. ती चढली. खिडकीतून तिने पाहिलं तर तो आपली छत्री न उघडताच उभा होता, चिमुकल्या बाटल्या हातात धरून. त्या द्यायच्या राहूनच गेल्या होत्या.

रात्री तिला झोप लागली नाही, त्याचं वर्णन करण्याचं कारण नाही. सकाळी आईने करपलेल्या दुधाचा पेला पुढे केला, ती गुमान घ्यायला गेली आणि थबकली. "आई, हे करपलंय का गं?"

"हो गं, जरासं. तुला हल्ली चालतं म्हणून..."

"मला कळत नाही, आई. तीन-चार महिने मला कशाचाच वास येत नाही."

आईने पेला खाली ठेवला. तिच्या कपाळावर हात ठेवला, मग नाकावर, जणू नाकालाच ताप आलाय. "आणि मी समजले, तुला अक्कल आली!"

एकीला सांगितल्यावर दुसऱ्याला सांगणं सोपं असतं. दहा वाजता ती साहेबांच्या खोलीत होती. साहेब म्हणजे कारखान्याचे मुख्य. गोलमटोल, भिडस्त, आणि केसांना एक असं तेल लावणारे की ते जिन्यात असले तरी वरच्या मजल्याला कळावं. तिने सगळं सांगितलं. शेवटी एक कागद पुढे केला.

"फिक्या मधाची तेहतीस पिंपं. मला ओळखता येईनात म्हणून मी एकही बाहेर जाऊ दिलं नाही. 'नंतर बघू' म्हणून मागच्या खोलीत ठेवलीत."

"म्हणून ती खोली भरलीय होय! मला वाटलं, धंदा वाढला." साहेबांनी कागद पाहिला. मग हळूहळू त्यांचा चेहरा पडत गेला. तिने श्वास रोखला. आलं लेबलांचं टेबल!

"म्हणजे... मी तुझ्या खोलीत आलो की सात वर्षं तू उठून खिडकी उघडायचीस. तीन-चार महिने झाले, उघडली नाहीस."

"हो साहेब."

"मी बायकोला सांगितलं, बाई मला मानायला लागली. याच भरवशावर तेलाची मोठी बाटली घेतली मी!"

ती हसू दाबायला गेली आणि दाबलं गेलं नाही. साहेबही हसले, जरा दुखावल्यासारखे, पण हसले.

"परीक्षा सहा महिने पुढे ढकलू. आजारपणासाठी तशी सोय आहे. कोणी मागत नाही, म्हणून कोणाला ठाऊक नाही. निवृत्त झालेले आपले जुने पारखी आहेत, ते येऊन पिंपं बघतील. तू तोवर पाण्याचं यंत्र सांभाळ. तेही कोणीतरी नीट करायला हवंच. आणि हे बघ, एकही चुकीचं पिंप बाहेर गेलं नाही ना? मग रडतेस कशाला?"

"रडत नाही साहेब. हलकं वाटतंय."

फाटकाबाहेर काटेवाला उभा होता. आज त्याचा यायचा दिवस नव्हता. हातात चार बाटल्या.

"मी माफी..."

"लाल चिठ्ठी लावून आले," ती म्हणाली. "स्वतःच्या हाताने. बेअब्रू झाली नाही. साहेबांच्या तेलाची झाली."

आणि त्याच्या हातातून बाटल्या घेताना तिने बोटं लगेच सोडवून घेतली नाहीत. लवंगेची बाटली मध्ये होती, म्हणून बरं.

*

मीड बाटल्यांत भरायचा दिवस आणखी दोन महिन्यांनी उजाडला. बुडबुडे कधीच थांबले होते. गाळ तळाशी बसला होता आणि वरचं सगळं स्वच्छ, फिकट सोनेरी, आरपार दिसणारं. घाईने भरली तर बाटल्या फुटतात, म्हणून काटेवाल्याने तीन आठवडे उरलेल्या साखरेचा आकडा मोजून तो हलत नसल्याची खात्री केली होती. आत्या म्हणाली, लग्नं याहून कमी खात्रीवर होतात.

बरणी उंचावर, बाटल्या खाली, मध्ये रबरी नळी. तो नळी धरून वाकला होता, ती बाटलीचं तोंड धरून बसली होती. एक भरली, दोन, तीन. चौथीला तो जरा पुढे झुकला, नळीतली धार बघायला, आणि तिला... काहीतरी आलं.

ती दचकली. पुन्हा श्वास घेतला. हळू, घाबरत, जणू जोरात घेतला तर उडून जाईल.

"तुमच्या शर्टाला," ती म्हणाली, "मशीनच्या तेलाचा वास येतोय."

तो पटकन मागे सरला. "माफ करा, धुतला होता हो मी, पण ते तेल..." आणि तिथेच थांबला. नळी हातातून सुटली. मीड फरशीवर सांडायला लागली. आत्या ओरडली. त्याला ऐकूच आलं नाही.

"काय म्हणालात?"

"तेल. आणि साबण. आणि..." ती उठली, खिडकीशी गेली. "ओली भिंत. चहा उकळतोय, आत्या, गॅस बारीक करा!" ती हसत होती आणि गाल ओले होते. "आणि हे, हे फरशीवर सांडलंय ते..." तिने बोट बुडवून नाकाशी नेलं. फार बारीक, फार लांबून, पण होतं. गवतासारखं, उन्हात वाळलेलं. ती थबकली.

वरच्या फळीवर जुन्या बरण्यांपैकी एक होती, फिक्या मधाची, अजून भरलेली. तिने ती काढली, झाकण उघडलं. या वेळी डोळे मिटायची आठवण राहिली नाही. लिंबाची फुलं! पांढरी, ओली, सकाळची.

"ही आहे लिंबाच्या फुलांची," ती हळूच म्हणाली. "मी तुम्हाला घासाच्या फुलांची दिली. तुमची मीड... चुकीच्या मधाची झाली."

"हो."

"हो म्हणजे?"

"म्हणजे... माहीत होतं."

"माहीत होतं? लेबलं तर आत्यांनी धुतली होती ना?"

"मी?" आत्या फरशी पुसता पुसता उठून उभी राहिली. "मी कशाला धुऊ! हाच बसला होता अर्धा तास, गरम पाण्यात हात घालून, नखांनी खरवडत. म्हटलं, काय करतोस रे? तर म्हणे, एक प्रश्न तयार करतोय."

काटेवाला आधी खाली बघून हसला. पण या वेळी वर बघायला त्याला फार वेळ लागला.

"दोन वर्षं 'जरा सरकता का' म्हणत होतो," तो म्हणाला. "दुसरं वाक्य सुचेना. म्हटलं, मधाचं काही विचारलं तर... बोलाल. तुम्ही चुकीच्या बरणीवर बोट ठेवलंत, तेव्हा वाटलं चेष्टा करताय. मग दुर्बिणीची काच पाहिली..."

"आणि तरीही घासाचा घातलात? तुम्ही? ग्रॅमचा दहावा भाग सोडत नाही तुम्ही!"

"तुम्ही सांगितलंत ना," तो म्हणाला, जणू यापेक्षा सरळ कारण जगात नव्हतंच. "बरोबर मध घातला असता तर तुम्ही चुकलात असं झालं असतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. अंतर एका हाताचं होतं. तिने ते मोजलं नाही. नुसतं संपवलं.

"मॅडम..." तो तिच्या केसांत म्हणाला.

"मॅडम म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"शोध. अर्धा तास गरम पाण्यात हात घालून बस."

आत्याने चहा गाळून, मोठ्याने खाकरून, तीन कप टेबलावर ठेवले. काटेवाल्याने तेवढ्यात खिशातल्या पाकिटातून एक चुरगळलेला, सुकलेला कागद काढला. 'लिंबाच्या फुलांचा मध.' चारांपैकी तेवढंच लेबल अख्खं निघालं होतं. तिने बोटाने थोडा मध घेतला आणि त्या मधानेच ते लेबल बरणीवर पुन्हा चिकटवलं. जरा तिरकं. तो सरळ करायला गेला, तिने हातावर चापटी मारली.

आता शेवटचा मेळ. सहा बाटल्या व्हायच्या, पाचच झाल्या. एक फरशीने घेतली. साहेबांची तेलाची मोठी बाटली वाया गेली, कारण दुसऱ्या दिवशीपासून खिडकी पुन्हा उघडायला लागली. आईची निमूट मुलगी गेली. आत्याचा स्वयंपाकघराचा एक कोपरा बयेने खाल्ला होता, दुसरा लिंबाच्या बरणीने मागितला. यीस्ट बिचारं राबून तळाशी गाळ झालं आणि कुंडीत गेलं. तिचं म्हणाल, तर तिच्या बाजूला एक खोटं होतं, तेही तिला परत मिळालं. फोडलेल्या, निरुपद्रवी अवस्थेत. राहिला काटेवाला. त्याची तीन लेबलं फाटली, दहा बोटांची कातडी दोन दिवस सोलवटली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एक चुकीचं माप समजून उमजून बरोबर धरलं. सगळ्यांत जास्त मोजलं ते त्यानेच. तक्रार मात्र एवढीच होती की लेबल तिरकं बसलंय.